गाठेबाबा आणि सात कोंबडे

मंगळवार उजाडला की बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा उरत नसे. तिरोड्याकडून बैलबंड्या येत, गोंदियाची माणसं आगगाडीनं तिरोड्याला उतरून पुढे चालत येत, पार सालेकशाच्या जंगलातली माणसं दोन दिवस आधी निघून मुक्काम करत करत येत. कुणाच्या मानेला गाठ, कुणाच्या काखेत, कुणाच्या पोटात. आणि प्रत्येकाच्या बगलेत पाय बांधलेला एक कोंबडा. कोंबड्याशिवाय गाठेबाबा अंगाला हात लावत नसे. सदतीस सालचा पौष चालू होता. धान घरात आलं होतं, शेतात लाखोरीचं कडधान्य डोलत होतं, आणि हाताला काम नसलेल्या माणसाला चमत्कार पाहण्यासारखा दुसरा विरंगुळा नसतो.

"चिरा नाही, टाका नाही!" बाबाचा चेला धनसिंग मोहाच्या झाडाखाली उभा राहून ओरडे. "डाक्टर कापते, डाक्टर शिवते, डाक्टर मारते! माहा बाबा नुसता आवाज देते, अन् गाठ चालत येते! बोलो गाठेबाबा की..."

"जय!" लोक असे काही ओरडत की तलावातली बदकं उडून जात.

बाबा अमरकंटकाहून आला म्हणे. वय दोनशे वर्षं म्हणे. दात मात्र बत्तीसच्या बत्तीस आणि पान खाऊन लाल. वाघाच्या कातड्यावर बसत असे, आणि त्या वाघाच्या अंगावर चितळासारखे पांढरे ठिपके होते; पण भक्तीनं डोळे भरून आले की ठिपके दिसत नाहीत.

त्या मंगळवारी त्यानं एका म्हाताऱ्याची मानेची गाठ काढली. उडदाच्या पिठाचा शेंदूर फासलेला ओला गोळा घेतला, मानेवर दाबला, वाटोळा वाटोळा फिरवला. "निकल माई, निकल! घर तेरा नहीं, दार तेरा नहीं! अमरकंटक का हुकूम है, निकल!" म्हाताऱ्याचे डोळे पांढरे झाले. बाबानं गोळा उचलून फोडला. आतून रक्त ओघळलं आणि रक्तात सुपारीपेक्षा मोठी, लालबुंद मांसाची गाठ. बायकांनी तोंडाला पदर लावला. धनसिंगानं ती गाठ सगळ्यांना एकदा लांबून दाखवली, पळसाच्या पानात बांधली आणि म्हाताऱ्याच्या लेकाला दिली. ती मोहाखाली पुरायची, आणि पुरताना तिकडे पाहायचं नाही.

"और सुनो," बाबा म्हाताऱ्याच्या मानेला फडकं गुंडाळत म्हणाला, "सवा महिना उस जगह को हात नहीं लगाना. हात लगाया, के गाठ वापस. फिर मैं जिम्मेदार नहीं."

गर्दीच्या मागे केवलराम उभा होता. पंचावन्नचा, अंगावर जुना काळा कोट, आणि नखांच्या कडांना कधीच न गेलेला निळसर जांभळा रंग. नागपूरच्या डॉक्टरीच्या शाळेत त्यानं बावीस वर्षं काढली होती. कागदावर चपराशी. काम मात्र असं, की माणसाच्या शरीरातून कापून आणलेली गाठ मेणात बसवायची, पात्यावर तिचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चिकटवायचे आणि निळ्या-गुलाबी रंगात बुडवून साहेबाच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली ठेवायचे. हजारो गाठी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. दिवाळीत नोकरी संपवून तो बायकोसह तलावाकाठच्या आपल्या गावी परतला, तर गावानं त्याचं नाव ठेवलं 'मुडद्याचा चपराशी'. विहिरीवर त्याला कुणी लोटा देत नव्हतं असं नाही, पण देऊन झाल्यावर घासून घेत.

केवलराम स्वतःशीच हसत होता. इतकी गुळगुळीत, इतकी नेटकी गाठ त्यानं बावीस वर्षांत पाहिली नव्हती. अरे, रोगाला एवढी शिस्त असती तर साहेबाला एवढी पुस्तकं कशाला वाचावी लागली असती!

"कोनाले भरोसा नसन त्यानं आयका!" धनसिंग ओरडला. "ये बाई, सांग!"

दुर्पता नावाची तरणी बाई तान्हं लेकरू कडेवर घेऊन उभी राहिली. बाळंतपणात तिची छाती लाल झाली, फुगली, ताप भरला, लेकराला दूध पाजताना जीव जाई. बाबानं गरम पिठाचा गोळा बांधला, दुसऱ्या दिवशी फुटलं, पू गेला, आता तिला काहीच नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिचं लेकरू गुटगुटीत होतं आणि ती रडत बाबाच्या पाया पडली.

"आता दुसरी! ये, शामकलाबाई!"

केवलरामाचं हसू तिथंच थिजलं. शामकला त्याची धाकटी बहीण. याच गावात दिलेली, भैय्यालालची बायको, पलीकडच्याच आळीत राहणारी. ती पदर चाचपत उभी राहिली आणि खाली पाहत म्हणाली, "मले छातीत गाठ होती. दिवाळीच्या पहिले बाबानं काढली. घरचा लाल तुऱ्याचा कोंबडा देल्लो." एवढंच. आणि बसली.

बहिणीला छातीत गाठ होती हे भावाला पाचशे माणसांत कळलं. ती तरी काय करणार? बाई मरेल, पण भावाला असलं सांगणार नाही. आणि भावानं तरी दिवाळीपासून तिला विचारलं होतं कुठं? गावकऱ्यांना शहाणपण शिकवण्यात तो गुंग होता.

पंगत बसली. कापलेल्या कोंबड्यांचा रस्सा सगळ्यांना वाढत. झाडीपट्टीत रीत अशी, की ज्याच्या घरचा कोंबडा, त्याच्या पानावर कलेजी आणि पोटा आधी पडतो; पोटा म्हणजे कोंबड्याच्या पोटातली ती घट्ट मांसल गोटी, जिच्यात तो खड्यांनी दाणे दळतो. शेजारचा एक म्हातारा कुरकुरत होता, "कोंबडा माहा, अन् पोटा देवाचा! इथं पोटा कोनालेच नाई भेटत." केवलरामाच्या कानावर ते पडलं, पण त्याचं लक्ष पानावर नव्हतं. तो न जेवताच उठला.

घरी येऊन त्यानं बायकोला गाठलं. देवकाबाई चूल सारवत होती.

"शामकलाच्या घरी जा. तिले न्हाऊ घाल. केस धुऊन दे म्हन, काही बी म्हन. अन् छातीले हात लावून पाह्य."

"का झालं?"

"जा मंतो ना!"

देवकाबाई तासाभरानं परत आली, तेव्हा तिचा पदर ओला होता आणि चेहरा उतरला होता. "हाय," ती म्हणाली. "तिथंच हाय. सुपारीवानी टणक. हालत नाई. वरची चामडी आत ओढल्यावानी झाली. अन् काखेत बी एक लहान लागली."

काखेतली. दरवर्षी पावसाळ्यात नव्या पोरांपुढे साहेब तेच व्याख्यान देई, आणि कोपऱ्यात काचा पुसत केवलरामानं ते बावीस वेळा ऐकलं होतं. काखेत गेली म्हणजे ती घर सोडून निघाली.

तो तसाच शामकलाकडे गेला. ती केस पुशीत अंगणात बसली होती. त्याला पाहताच तिला रडू फुटलं.

"वहिनीनं सांगलन का? दादा, माहीच चुकी झाली. बाबानं काढली होती. पन आंग धुता धुता माहा हात लागला. पाचव्याच दिवशी. पायतो तं गाठ तिथंच! मी हात नसता लावला तं नसती आली."

"तीन महिने झाले! तू कोनाले सांगली काऊन नाई?"

"का सांगू? बाबानं एवढं केलन, अन् म्या पाप केलन. आज उभं केलन तं लाजेनं खोटं बोललो."

केवलरामाच्या अंगाची लाही लाही झाली. काय अक्कल त्या हरामखोराची! गाठ काढायचीच नाही. फक्त तिला हात लावायची बंदी घालायची. हात न लावणारा म्हणतो, गाठ गेली. हात लावणारा म्हणतो, माझ्या पापानं परत आली. दोघंही बाबाचेच गुण गातात.

"उद्याच्या गाडीनं नागपूरले चाल," तो म्हणाला. "माहे साहेब हायेत. कापून काढतील."

"कापून?" आतून हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असलेला भैय्यालाल बाहेर आला. माणूस वाईट नव्हता, बायकोवर जीव होता त्याचा. "भाऊ, तुमी आयुष्यभर मुडदे कापले, आता माह्या बायकोले कापता का? बाबानं तवाच सांगतलन, चूक झाली तं काळा कोंबडा आन. येत्या मंगळवारी नेऊन राहिलो मी."

"अन् मले दुखतच नाई ना दादा," शामकला म्हणाली. "दुर्पताची दुखत होती, ते मरता मरता वाचली. माही तं दुखत बी नाई. तू काऊन एवढा घाबरून राहिला?"

इथंच तर सगळा मुलूख फसत होता. दुखतं ते मोठं, दुखत नाही ते लहान, असा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला.

"आयक," केवलराम तिच्यापुढे उकिडवा बसला. "गावात आग लागली तं लोक का करतात? बादल्या घेऊन धावतात, बोंबलतात, गर्दी होते. दुर्पताची गाठ तशी होती. लाल झाली, गरम झाली, सुजली, दुखली. कारन शरीर तिथं धावून गेलं होतं. रक्तातले पांढरे शिपाई लढून मेले, त्याचाच पू झाला. फुटला, वाहून गेला, खतम. गरम पीठ तं आपल्या आजीनं बी बांधलं असतं, त्याले अमरकंटक नाई लागत."

"अन् माही?"

"आपल्या धानाच्या बांदीत करगा निंगते, रानटी धान. पायलं ना? पान तेच, रंग तोच. दुरून धानच वाटते. बोंबलत नाई, आग नाई लावत. गुपचाप वाढते, दान्याच्या जाग्यावर आपला दाना पाडते, अन् वर्षभरात सारी बांदी करग्याची. तुही गाठ करगा हाय बाई. आपल्याच आंगातून निंगाली, म्हनून आंग तिच्यावर धावत नाई. म्हनून दुखत नाई."

शामकला हळूच म्हणाली, "पन दादा, माह्या डोळ्यानं पायलं ना. बाबानं काढलेली गाठ म्या माह्या हातानं पुरली. ते का होतं मंग?"

ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती गाडीत बसणार नव्हती, आणि मंगळवारपर्यंत थांबणं म्हणजे करग्याला आणखी आठ दिवस देणं.

दुसऱ्या दिवशी तो तिरोड्याला चुन्नीलाल डॉक्टरांकडे गेला. गोंदियाचे, तिशीतले, केवलरामाच्याच शाळेत शिकलेले. परीक्षेच्या आधी काचा दाखव म्हणून त्याच्या मागे लागणारे. हिवताप ओळखायला त्यांनी एक दुर्बीण ठेवली होती.

"चाचा, मैं आता हूँ," ते लगेच म्हणाले. "पण बाबाची गाठ मिळणार कशी? तो तर पुरून टाकतो."

केवलरामानं कोटाची बाही वर केली. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, लिंबाएवढी मऊ गाठ होती. "चरबीची हाय. अठरा वर्षांपासून. साहेबांनी सांगतलं, मरेपर्यंत सांभाळ, काही करत नाई. आता तिले कामाले लावतो."

मंगळवारी केवलराम पांढरा कोंबडा बगलेत मारून रांगेत बसला. 'मुडद्याचा चपराशी' बाबाला शरण आला म्हणून गाव लोटलं. धनसिंगाला तर आनंदाचं भरतं आलं. "पाहा! नागपूरचा मानूस! बावीस वर्ष डाक्टराच्या घरचं पानी पेला, अन् शेवटी कोनाच्या पायाशी आला?"

त्या दिवशी बाबानं सातच कोंबडे पत्करले होते, बाकीच्यांना पुढचा मंगळवार. सकाळीच धनसिंगानं ते कनातीमागे नेऊन देवाच्या नावानं कापले होते. आधी तिघांच्या गाठी निघाल्या, चौथा केवलराम. भैय्यालाल काळा कोंबडा देऊन पाचवा बसला होता. शेजारी शामकला, मान खाली घालून.

बाबानं गोळा दाबला. "निकल माई, निकल! नागपूर तेरा नहीं..." गोळा फुटला, रक्त ओघळलं, गाठ निघाली. "जय!" पानाची पुडी केवलरामाच्या हातात पडली. आणि त्यानं सगळ्यांदेखत, बाबाच्या नाकासमोर, उजव्या हातानं डावा हात चाचपला.

"अरे, हात मत लगा!"

"लावला," केवलराम म्हणाला. त्यानं हात वर धरला. "पाहा सारे. गाठ हाये तिथंच हाय. मंग ह्या पुडीत का हाय?"

सगळ्या माना पुडीकडे वळल्या. पण बाबा कसलेला गडी. त्यानं कपाळावर हात मारला. "देखा! देखा सबने! मैंने निकाली, इसने छुई, उसी दम वापस आ गई!"

आणि लोक काय म्हणाले असतील? "खरं हाय! कायले हात लावला गा?" चार बायकांनी तर हळहळून चुकचुक केली. केवलरामाला वाटलं, डोकं आपटावं ह्या मोहाच्या झाडावर.

चुन्नीलाल डॉक्टर मात्र तयारीनं आले होते. पाळीवर टेबल मांडून, दुर्बिणीचा आरसा उन्हाकडे फिरवून बसले होते. पुडी कुणी हिसकायच्या आत केवलराम तिथं पोचला. त्यानं तीन काचा घेतल्या. एकीवर स्वतःचं बोट टोचून रक्ताचा थेंब ओढला. दुसरीवर चुलीजवळ पडलेल्या कापलेल्या कोंबड्याच्या मानेचा. तिसरीवर पुडीतल्या गाठीचा. बावीस वर्षांच्या सवयीनं त्याचे हात बिनचूक चालत होते. काचा वाळल्या, रंगात बुडाल्या, धुतल्या गेल्या. वीस-पंचवीस मिनिटं गेली आणि एकही माणूस हलला नाही. तमाशा फुकट असला की आपल्या लोकांना धीर फार.

"पहिले शामकला येईल," केवलराम म्हणाला.

ती घाबरत आली. डॉक्टरांनी तिला एक डोळा मिटून कसं पाहायचं ते दाखवलं.

"हे मानसाचं रक्त. माहं. का दिसते?"

"वाटोळे वाटोळे दाने. मदात रिकामे."

"आता हे कोंबड्याचं."

"हे लांबट हायेत. अन् हरेक दान्यात जांभळं बी हाय."

"मानसाच्या लाल दान्यात बी नसते. पाखराच्या दान्यात असते. हे माहं म्हननं नाई, हे ज्याचं त्याचं रक्त सांगते. आता बाबानं माह्या हातातून काढली ते गाठ पाह्य."

शामकला वाकली. किती तरी वेळ वर आली नाही. मग पुन्हा दुसरी काच मागितली, पुन्हा तिसरी. शेवटी वर आली. "लांबट. अन् बी हाय," ती म्हणाली.

लोक एकामागून एक पाहून गेले. पण खरं सांगतो, निम्म्यांना ते पटलं नाही. "यंत्र हाय ते, त्यात काही बी दिसन." "डाक्टराचीच करनी." धनसिंग पुन्हा गळा काढू लागला होता. एवढ्यात देवकाबाई पुढे आली, केवलरामाच्या हातातली पुडी घेतली, गाठ पाण्यात खळखळून धुतली, शेंदूर गेला, रक्त गेलं, आणि तिनं ती बोटांत दाबून पाहिली. अठ्ठावीस वर्षं कोंबड्या साफ केलेली बाई ती.

"अव माय," ती म्हणाली. "हा तं पोटा होय! आतली पिवळी साल काढलेला, मदातून कापलेला आर्धा पोटा!"

आणि ती तरातरा पंगतीच्या चुलीकडे गेली. बायकांनी तिथं फिरकायचं नाही असा बाबाचा दंडक होता. तो तिनं पायाखाली घातला. रश्शाच्या पातेल्यात डाव घालून तिनं तळ ढवळला. "सात कोंबडे कापले. मोजा, कलेज्या सात. पोटा एक तरी दाखवा! पोटा देवाचा, पोटा देवाचा करत होते ना? चला, तुमचा देव पायतो!" तिनं कनात ओढून खाली पाडली.

मागे एक गाडगं होतं. मीठ घातलेलं रक्त, शेंदूर, आणि त्यात सोलून कापलेले पोट्यांचे सात तुकडे. सातांचे चौदा; चार गाठी काढून झाल्या होत्या आणि उरलेले तीन तुकडे गोळ्यांत गेले होते. शेजारी उडदाच्या पिठाचे तीन गोळे तयार होते. भैय्यालालनं एक उचलून फोडला. आत त्याच्या बायकोची दुसरी गाठ होती.

काय सांगू तुम्हाला! नागपूरचं शास्त्र, दुर्बीण, तीन काचा, सगळं एका बाजूला राहिलं. गावाला पटला तो देवकाबाईचा डाव. प्रत्येक बाईनं आयुष्यभर पोटा सोलला होता, आणि प्रत्येकीनं तोच पोटा लांबून पाहून हात जोडले होते. स्वतःच्या घरचा कोंबडा स्वतःच आणायचा, आणि त्याच्याच पोटातला तुकडा आपल्या अंगातला म्हणून पुरायचा. लोक बाबावर धावले. चुन्नीलाल डॉक्टर मध्ये पडले नसते तर त्या दिवशी दोनशे वर्षांचं आयुष्य संपलं असतं. बाबा ठिपक्यांचा वाघ तिथंच टाकून पळाला. पुढे त्यानं छत्तीसगढात दुकान मांडलं म्हणून ऐकलं. तिथंही कोंबडे असतातच.

त्या गलक्यात शामकला टेबलाजवळच उभी होती. केवलराम तिच्याकडे गेला, तेव्हा तिनं त्याची बाही धरली.

"दादा, म्हंजे... म्या हात लावला म्हनून परत नाई आली?"

"नाई बाई."

"ते गेलीच नव्हती?"

"नाई गेली."

"मंग माही चुकी नव्हती," ती म्हणाली, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसली. केवलरामाला ते हसू पाहवलं नाही. चुकी नव्हती हे कळून तिला एवढा आनंद झाला होता, की गाठ अजून अंगात आहे हे ती क्षणभर विसरली होती.

दुसऱ्याच दिवशी केवलराम, शामकला आणि भैय्यालाल गाडीत बसले. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. कापून काढलेला भाग प्रयोगशाळेत आला, तेव्हा केवलरामाच्या जागी आलेला नवा माणूस बाजूला सरकला आणि म्हणाला, "केवलरामभाऊ, तुमी बसा." त्यानं बहिणीची गाठ मेणात बसवली. बहिणीच्या गाठीचे पातळ काप काढले. निळा रंग दिला, गुलाबी दिला. साहेबांच्या आधी त्यानंच डोळा लावला, जे करायची चपराशाला परवानगी नव्हती. ओळीत बसायचं सोडून पेशींच्या रांगाच्या रांगा विस्कटल्या होत्या, मोठ्या, काळपट निळ्या, एकीसारखी दुसरी नाही, चरबीत घुसलेल्या. काखेतल्या गाठीच्या काचेवर तर सगळा करगाच होता.

साहेबांनी काच पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "केवलराम, खोटं सांगत नाही. काखेत कधी गेली हे काच सांगत नाही. पण दिवाळीच्या आधी आणली असती, तर मी जास्त आशेनं बोललो असतो."

शामकला पुढे चौदा महिने जगली. शेवटी गाठ मणक्यात उतरली आणि पाठीचं दुखणं सुरू झालं. जी कधीच दुखत नव्हती ती आता दुखायला लागली, आणि तिच्या ओरडण्यानं अख्खी आळी जागी राही.

तिच्या तेरवीला माणसं जमली. जेवणं आटोपली आणि पानसुपारी फिरू लागली, तसं पलीकडून कुणी तरी म्हणालं, हळू, पण ऐकू जाईल असं, "बाबा होता तवा तं चालत-फिरत होती. बाबाले हाकललं, नागपूरले नेऊन कापलं, अन् गेली बिचारी."

दोन-चार माना हलल्या. दुर्पताचीही हलली. भैय्यालाल उठायला लागला, पण केवलरामानं त्याला खाली बसवलं. तो स्वतः उभा राहिला. भांडायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मी बावीस वर्ष गाठी कापल्या," तो म्हणाला. "आता एकच सांगतो, मंग तुमाले जे म्हनाचं ते म्हना. लाल हाय, गरम हाय, दुखते, तं डाक्टराकडे जा. लाल नाई, गरम नाई, दुखत नाई, तं धावत जा. बायांनो, लाज वाटत असन तं देवकाकडे या, डाक्टरानं तिले शिकवलं हाय. अन् जो मानूस तुमाले सांगन का हात लावू नका, पाहू नका, इचारू नका, त्याच जागी सगळ्यात पहिले हात लावा. खरं असन तं हात लावल्यानं बिघडत नाई."

तो बसणार होता, पण बसला नाही.

"शामकलानं पाचव्या दिवशी हात लावला होता," तो म्हणाला. "तिचा हात खरं सांगत होता. आपन साऱ्यांनी तिले शिकवलं होतं का ते पाप हाय. म्हनून ते तीन महिने गप्प राहिली."

दुर्पता उठून अंगणाच्या कोपऱ्यात गेली. तिथं देवकाबाई भांडी घासत होती. तिच्या कानाशी वाकून दुर्पता काही तरी बोलली. देवकाबाईनं राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेली.